गव्हाणीतला पाठमोरा

बारामतीच्या आमच्या दोन खोल्यांत धाकटी बहीण सोनल चित्रे काढते आणि मी खेळ रचतो. करमणुकीचे नव्हेत, शिकवणीचे. माणसांशी बोलायला मी बिचकतो, म्हणून कदाचित. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यासाठी आम्ही केलेला खेळ साधा होता. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर गव्हाण दिसे: ऊस वाहून नेणारा पोलादी पट्टा आणि पुढे फिरत्या सुऱ्या. ऊस अडकला, तर आधी लाल दोरी ओढून पट्टा थांबवायचा. न थांबवता हात घातला, तर तो मनगटापासून तुटे. त्या वेळची किंकाळी मी फार मन लावून घडवली होती.

पहिल्यांदा म्हस्कूतात्या खेळले. तीस हंगाम गव्हाणीवर काढलेला माणूस.

"साहेब, आत मानूस कशापायी उभा केलाय?"

"माणूस नाही ठेवला, तात्या."

"हाय की! निळा शर्ट, पाठमोरा. घड्याळ उजव्या हातात बांधलंय येड्यानं." आणि एकदम ते ओरडले, "आरं थांब! हात काढ!"

"तात्याला च्या पाजा रं!" कामगार हसले. मग एकेकाने हेडसेट चढवला आणि हसू मावळले. अकरा जणांना तोच दिसला. अकराही जण ओरडले.

मला मात्र पडद्यावर ऊसच दिसे. घड्याळ मी उजव्या हातात बांधतो. तरीही खेळ मागे घेतला नाही. कारण त्यानंतर गव्हाणीत कोणी हात घालीना.

म्हणूनच पुढच्या हंगामात उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकण्याचा मान मला मिळाला. कारखान्याने निळा शर्ट भेट दिला, कौतुकाने तिथेच अंगावर चढवला. पुजलेली मोळी मी टाकली. ती कडेला अडकली.

मुहूर्ताच्या मोळीला पट्टा थांबवणे अशुभ. दोरीकडे कोणाचाच हात जाईना. सगळे माझ्याकडे पाहत होते.

वाटले, एक ढकल पुरे.

"आरं थांब! हात काढ!"

अकरा गळे. तोच सूर.

मोळीवरच्या झेंडूवर रक्त उडाले. हाड तुटल्याचा आवाज मी घडवला होता त्याहून कितीतरी लहान होता.

किंकाळी मात्र तीच.

आठवड्याने तात्या दवाखान्यात आले. सोनल म्हणाली, "दादा, उद्या मीच कारखान्यात जाते आणि तो खेळ काढून आणते." ती फळे घेऊन खिडकीशी गेली. तात्यांनी आवाज खाली आणला.

"निळा शर्टवाला गेला, साहेब. आता बाई हाय. हिरवी ओढनी. डाव्या हातात चांदीचं कडं."

बोलताना त्यांनी खिडकीकडे पाहिले नाही.

तिथे सोनल पाठमोरी उभी राहून मोसंबे सोलत होती. कडे मनगटावर खाली-वर होत होते.