चौथी सही

मोबाईल जरा पालथे ठेवा. अबोली, जिन्यातला लाइट राहू दे, तेवढा बस आहे. आणि हे ध्यानात ठेवा, ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्ञानदीप खंडारे आणि मी विम्याच्या ऑफिसात एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. त्यानं मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की उठून जायचा.

ज्ञानदीपचे आजोबा महूला फौजेत होते. ह्याला नाद लागला लढाऊ विमानांच्या चित्रांचा. म्हणजे कसं, चित्रकार एखादी लढाईतली मोहीम रंगवतो, तिच्या मोजक्याच प्रती छापतात, आणि चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर त्या मोहिमेतले वैमानिक स्वतः पेन्सिलीनं सह्या करतात. अशा सतरा प्रती त्याच्या बैठकीत लागल्या होत्या. पाहुणा आला की चहाच्या आधी विमानं.

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात त्याला कळलं, शहराबाहेर सांवेर रोडला एका रिटायर्ड शिक्षिकेकडे अशीच एक प्रत आहे. रविवारी स्कूटर काढून गेला. पद्मजाबाई गद्रे. ऐंशीच्या घरातल्या, दोन्ही डोळे गेलेले, एकट्या राहायच्या. रस्त्यापासून जरा आत, गव्हाच्या शेतांमध्ये दोन खोल्यांचं घर. डिसेंबरअखेर भाची त्यांना पुण्याला नेणार होती, म्हणून घरातलं एकेक वाटून टाकणं चाललेलं.

चित्रात संध्याकाळचं आभाळ होतं आणि चार विमानं. एकाहत्तरची लढाई. खाली चार नावं छापलेली, तिघांच्या नावावर पेन्सिलीची सही. चौथं नाव रघुवीर गद्रे. त्याच्या वरची जागा कोरी.

"माझा धाकटा भाऊ," बाई म्हणाल्या. "चौघं गेले, तिघं परतले. घेऊन जा. पैसे नकोत मला. फक्त ती जागा कोरी राहू द्या. तिथं कुणी काही लिहायचं नाही."

"मी कशाला लिहीन, बाई?"

"शब्द द्या, ज्ञानदीपजी."

"दिला."

त्या वेळी त्यानं मनापासूनच दिला होता.

सात डिसेंबरला शहरात एका हॉलमध्ये या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. भरवणारा देवांश, ज्ञानदीपचा या नादातला दोस्त. तो घरी येऊन सगळं पाहून गेला. या चित्रासमोर थांबला. "भिया, पीस तो जबरदस्त है. पर ये चौथी साइन नहीं है ना, अधूरा लगता है यार."

एवढंच म्हणाला. पण अधूरा हा शब्द ज्ञानदीपच्या डोक्यात जाऊन बसला. जेवताना, ऑफिसात, झोपताना, तेच. आणि फ्रेम साफ करायला उघडली, तर मागच्या पुठ्ठ्यात एक जुनं पाकीट. रघुवीरनं बहिणीला लिहिलेलं पत्र. शेवटी पूर्ण नावाची ठसठशीत सही. बाईंना दिसत नव्हतं, त्यांच्या हातून ते तसंच राहून गेलेलं.

पाच डिसेंबर, गुरुवार. संबोधी, म्हणजे त्याची बायको, मुलीला घेऊन दुपारीच महूला गेली होती, सहा तारखेच्या महापरिनिर्वाण दिनाच्या कार्यक्रमाला. हा सकाळी निघणार होता. घरात एकटा. दिवेलागण होऊन गेलेली. त्यानं जुन्या कॅलेंडरच्या मागे ती सही गिरवली. तीस वेळा, चाळीस वेळा. हात बसला. मग काच बाजूला काढून, सात वाजून वीस मिनिटांनी, त्यानं त्या कोऱ्या जागेत लिहिलं... रघुवीर गद्रे.

हुबेहूब.

दोन मिनिटांत फोन वाजला. पद्मजाबाई.

"ज्ञानदीपजी, एक विचारू? रागावू नका. त्या जागेवर कुणी काही लिहिलं का?"

त्याच्या हातात पेन्सिल तशीच होती.

"नाही बाई. का?"

"नक्की ना?"

"नक्की."

मग बाईंचा आवाज आला, अगदी हलका. "आमच्या बाबांनी एकदा तिथं त्याचं नाव लिहिलं होतं. चित्र घरी आलं त्या वर्षी. त्याच संध्याकाळी दार वाजलं. रघूचाच आवाज होता... पण आलेला रघू नव्हता. आईनं नाव खोडलं, तेव्हा गेला. बाबा त्यानंतर अंथरुणातून उठले नाहीत."

"बाई..."

"आत्ता दार वाजतंय."

ज्ञानदीपला फोनमधून ऐकू आलं. टक. टक. मग एक तरणा आवाज. ताई, उघड ना.

"तुम्ही लिहिलं नाहीये," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "म्हणजे हा खराच आलाय. त्रेपन्न वर्षं झाली हो... त्रेपन्न."

"बाई, उघडू नका! मी लिहिलंय! बाई, मीच लिहिलंय!"

पण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला होता. चालू होता. काठी टेकत बाई दाराकडे निघाल्या होत्या.

त्यानं रबर शोधला. टेबलावर नाही. खणात नाही. मुलीच्या दप्तरात... सापडला. घासायला लागला.

कडी निघाली.

"रघू?"

दार करकरत उघडलं.

"आत ये ना. बाहेर का उभा?"

आडनाव गेलं. वीर गेलं.

"बाळा, हात किती गार रे तुझा..."

मग बाईंचा आवाज बदलला.

"सोड... कोण आहेस तू? सोड..."

घू गेलं. र राहिला. कागद फाटेपर्यंत त्यानं घासलं.

र गेला.

फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्यानंतर... काही नाही. नुसती रात्र.

सांवेर रोडला तो कसा पोचला, त्याचं त्याला आठवत नाही. दार सताड उघडं. आत पंखासुद्धा बंद. उंबरठ्यात बाई पडलेल्या, श्वास चालू. शेजारच्या शेताला पाणी देणाऱ्या कचरूला हाका मारून आणलं, त्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. कचरू रस्त्याकडेच्या पाण्याच्या मोटारीपाशी संध्याकाळपासून बसून होता. या घराकडे जाताना त्यानं कुणालाही पाहिलं नव्हतं.

पहाटे बाई शुद्धीवर आल्या. ज्ञानदीपनं त्यांचे पाय धरले. सगळं सांगितलं. पत्र, देवांशचं बोलणं, खोटं बोललेला तो एक शब्द. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, तेच त्याला सोसेना.

"तुम्ही नाही म्हणालात," त्या म्हणाल्या, "म्हणून मी उघडलं."

एवढ्यात ड्यूटीवरचा डॉक्टर आला. बाईंच्या उजव्या मनगटावर, शालीखाली, पाच बोटं उमटली होती. पांढरीफटक, कडेला काळपट फोड आलेले. नर्सनं भाजलं म्हणून मलम लावून ठेवलेलं. डॉक्टरनं ते पुसलं, बॅटरी धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग ज्ञानदीपला बाहेर बोलावलं.

"ये जला हुआ नहीं है, भाईसाहब. ये बर्फ का है. बहुत ऊपर, पहाड़ों में होता है. इनको ले कहाँ गए थे आप?"

त्या रात्री सांवेरचा पारा बाराच्या खाली उतरला नव्हता.

पुण्याला गेलो होतो तेव्हा मी बाईंना भेटलो. मे महिना, भर दुपार, अंगाची नुसती काहिली. मी काही विचारलं नाही. त्यांनीच बाही वर केली, चाचपत माझं बोट धरलं आणि त्या ठशांवर ठेवलं.

गार होते.