कडू पदर

"दिशू... ये ना गं राणी! बघ, मी आले... तुझी आई आली!"

बॅग उंबऱ्याबाहेरच टाकून राजेश्वरीने दोन्ही हात पसरले, आणि तिसरं वर्ष सरत आलेली ती चिमुरडी दचकून मागे सरली, काकूच्या, सत्यशीलाच्या साडीत शिरली, सवयीने पदराचं टोक तोंडात कोंबून क्षणभर बघत राहिली... मग काहीतरी आठवल्यासारखी आत धावली आणि दोन्ही हातांत मोबाईल घेऊन आली. बंद, काळ्या काचेवर इवलंसं बोट टेकवून समोरच्या परक्या बाईला ती समजावू लागली, "आई हितं हाय. आई हितं!"

ओसरीवर गवार मोडत बसलेल्या रंगुबाई, दोघी सुनांची सासू, आधी खुदकन हसल्या आणि राजेश्वरीच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच हसू गिळून खाली बघू लागल्या. सत्यशीलाच्या काळजात मात्र चर्र झालं. हे असं कसं झालं? देवा... हे माझ्याच हातून झालं!

राजेश्वरी ही धाकटी जाऊ. पुणतांब्याच्या या पेरूच्या मळ्यात लग्न होऊन आली तीच पुस्तकांची पेटी घेऊन. नवरा कल्याण भिंगारला लष्कराच्या डेपोत नोकरीला. दिशा दहा महिन्यांची झाली आणि राजेश्वरीला पुण्याच्या विद्यापीठात एम. ए.ला प्रवेश मिळाला... तत्त्वज्ञानात! घरात हसू की रडू झालं. "तत्त्वज्ञान? मंग भगवी कफनी आत्ताच शिवाया टाकू का?" थोरले दीर सहादेव म्हणाले. "अंगावरचं लेकरू टाकून कसलं आलंय ग्यान!" रंगुबाई कडाडल्या. आणि कधी मान वर करून न बोलणारी थोरली सून सत्यशीला त्या दिवशी चुलीपुढून उठून आली होती.

"देवानं माझी कूस रिकामी ठिवली, पर हात न्हाई बांधलं. पोर मी बघते. जा तू, राजे!"

तिने नुसती पोर सांभाळली नाही, पोरीतली आई सांभाळली. थोरल्या चुलतीला 'मोठी आई' म्हणायची या घरची रीत, पण सत्यशीलाने दिशाला 'काकू' शिकवलं. 'आई' हा शब्द एकीचाच राहू दे, त्यात वाटणी नको! पोरीची जीभ वळेना, ती 'काऊ' म्हणायची. त्या एका हाकेवर सत्यशीलाची सारी तहान भागायची.

राजेश्वरीचा लघुप्रबंध 'प्रत्यभिज्ञा' या विषयावर होता. फोनवर एकदा तिने जाऊबाईला सोपं करून सांगितलं होतं, "आक्का, पूर्वी पाहिलेलं माणूस पुन्हा दिसतं आणि आपण म्हणतो ना, 'तोच हा', तेवढंच बघा! आठवण आणि नजर एका जागी येतात, तीच ओळख." सत्यशीलाला ते इतकं भावलं की रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल लागला की ती पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची, "बघ, तीच ही आई!" पोर काचेची पापी घ्यायची, काचेला भात भरवायची. एकदा मोबाईल हातातून सुटला तर "आई पडली!" म्हणून किती रडली होती... आणि सगळे हसले होते! सुट्टीत राजेश्वरी यायची तेव्हा तास दोन तासांत पोर रुळायची, पण दिवाळीनंतर अभ्यासापायी येणंच झालं नाही, आणि तेवढ्यात त्या अजाण जीवाच्या मनात आई काचेत राहायला गेली.

पण हे सांगायचं कोणाला? राजेश्वरी पेटून उठली होती.

"तुम्ही तिला माझी ओळखच ठेवली नाहीत, आक्का!" दुसऱ्या दिवशीही पोर जवळ येईना तेव्हा तिचा बांध फुटला. "तुम्हाला मूल हवं होतं... मिळालं! ओळख म्हणजे काय यावर मी पानंच्या पानं लिहिली, शाबासकी घेतली, आणि माझ्या पोटची पोर मला ओळखत नाही! जाळून टाकते ती पदवी. नगरच्या कॉलेजात मिळालेली नोकरी नको, भिंगारला मांडायचं बिऱ्हाड नको... कोणत्या तोंडानं नेऊ हिला?"

सत्यशीलाने पोरीच्या मुठीतून पदर सोडवू पाहिला. पोर रात्रंदिवस आपल्याच पदराला लोंबकळत होती, हे तर साऱ्यांना दिसत होतं!

दुपारी रंगुबाई सुपारी कातरत सहज म्हणाल्या, "पोरीचा जीव तुझ्या पदरात हाय, सत्ये. तो पदर तोंडात धरल्याबिगर झोपंना, ती हिच्याकडं कशी जाईल? अंगावरचं दूध तोडताना आमी निंबाचा पाला लावायचो. एकदा कडू लागलं की लेकरू आपसूक लांब व्हायचं. आता मानसाला मानसापून तोडाया कुठला निंब लावावा, बाई!"

म्हातारी बोलून गेली. सत्यशीला तशीच उठली आणि परसात गेली. कडुनिंबाची कोवळी डहाळी ओरबाडताना तिला वाटलं, जिच्या छातीला कधी दूध आलं नाही, तिच्या नशिबी दूध तोडणं मात्र आलं! तिने पाट्यावर पाला बारीक वाटला, पदराच्या टोकाला चोळचोळून लावला, उन्हात सुकवला, आणि हात धुऊन अंथरुणावर आडवी झाली.

नेहमीसारखी दिशा आली, कुशीत शिरली, पदर तोंडात घेतला... आणि तिचा चेहरा पिळवटला.

"काऊ... कलू! काऊ, कलू!"

भिजल्या डोळ्यांनी ती बघत राहिली. काकू आता तोंड पुशील, गूळ देईल, उचलून घेईल... सत्यशीलाने भिंतीकडे कूस वळवली. "जा आईकडं!" आवाज इतका कोरडा निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. पाठीमागे पोर हमसून हमसून रडली, इवल्या मुठींनी तिची पाठ ठोकली, आणि सत्यशीला स्वतःच्या मनगटात दात रोवून पडून राहिली. अखेर राजेश्वरी धावत आली. थकलेल्या पोरीने, दुसरं कुणीच नाही म्हणून, तिच्या खांद्यावर मान टाकली.

रोज पाला वाटला जाई, रोज पदर कडू होई. पोर पदराजवळ येईनाशी झाली. राजेश्वरीच्या हातचा घास खाऊ लागली, तिच्या ओढणीचं टोक चघळत झोपू लागली. आणि एका सकाळी, मळ्यात पडलेला पेरू उचलून "आई, हे घे!" म्हणत धावली... काचेकडे नाही, राजेश्वरीकडे! राजेश्वरीने तिला उराशी कवटाळलं. दारात उभ्या सत्यशीलाकडे बघून मात्र ती टोचून म्हणाली, "दोन वर्षं सांभाळलंत, आणि मी आले तर पोरीला जवळसुद्धा घेत नाही तुम्ही! राग माझ्यावर, आक्का... तिच्यावर कशाला?"

"तसंच समज," एवढंच सत्यशीला म्हणाली.

निघायच्या दिवशी अंगणात टेम्पो लागला. कल्याण सामान चढवत होता. सत्यशीला खांबाआड उभी होती, पण दिशाने तिला हेरलंच. आईच्या कडेवरून वाकून तिने भीत भीत पदराचं टोक धरलं, तोंडाजवळ नेलं आणि मान हलवली. मग अगदी शहाण्यासारखं आईला सांगितलं, "काऊचा पदल कलू. नको खाऊ."

राजेश्वरीला आधी हसू आलं. मग तिने ते टोक हातात घेतलं. हिरवट, ताठ झालेलं... तिने जिभेला लावलं.

कडूजहर!

टेम्पो, अंगण, माणसं सारं जागच्या जागी थिजलं. तिने जाऊबाईच्या मनगटाकडे पाहिलं. दातांचे काळेनिळे वळ अजून बुजले नव्हते.

"आक्का..." तिने ते मनगट धरलं. "हे... हे काय केलंत तुम्ही!"

"तुझी तुला दिली. दुसरं काय?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस व्हय?"

राजेश्वरी पोरीसकट तिच्या पायांशी कोसळली. "साता जन्मात फिटायचं नाही हो हे! ओळखीचा अभ्यास केला मी... आणि तुम्हाला ओळखलं नाही! दिशू, बघ बाळा, ही काकू नाही. मोठी आई. म्हण, मोठी आई!"

"नगं गं राजे... लई उशीर झाला. 'काऊ' म्हणायची सवय मोडंल तिची."

"मोडू दे! रोज फोन लावीन मी. तुमचा चेहरा दाखवीन तिला."

सत्यशीलाने हळूच मान हलवली. "चेहरा नगं. काचंतलं मानूस लेकराला काचंतलंच वाटतं, हे कळलंय मला. निस्ता आवाज ऐकव... आन् जमंल तवा घिऊन ये."

टेम्पो वळणाआड गेला. सत्यशीलाने दिवसभर घर सारवलं, गोठा झाडला, पोरीची राहिलेली झबली घडी घालून ठेवली. संध्याकाळी तीच साडी नेसून ती ओसरीवर बसली होती, तेव्हा दिवेलागणीला फोन वाजला. चित्र नव्हतं. नुसता आवाज, दूर भिंगारहून, अडखळत...

"मोथी आई? कलू गेलं?"

पदराचं टोक सत्यशीलाच्या दातांत होतं.

"गेलं गं माझ्या बाई," ती म्हणाली, "गेलं..."