बुजगावण्याची शाळा

तास पहिला : भाषा

बुजगावण्यासमोर भाषण करायला लाजायचं काही कारण नसतं. ते हसत नाही, खोकत नाही, मधेच उठून जात नाही. म्हणून वराळ्याच्या शाळेतल्या नव्या बाईंनी, कस्तुरानं, त्या सकाळी भातखाचराच्या बांधावर पदर खोचला आणि धुक्यात हात पसरून उभ्या असलेल्या बुजगावण्याला चांगलं खडसावलं.

"भाताला दाणा भरला की शाळा ओस! सगळी पोरं गोफणी घेऊन पाखरं हाकायला! दिवाळीआधी शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार. रिकामी शाळा दिसली की कुलूप लावून जाणार. मग या पोरांनी जन्मभर काय करायचं? पाखरंच हाकायची? बोला ना!"

"मी काय बोलू, बाई?" बुजगावणं म्हणालं. "पयलं म्हंजी मी बुजगावनं न्हाई."

कस्तुराच्या हातातली छत्री चिखलात पडली.

धुकं जरा विरळ झालं. खांद्यावर आडवी काठी, काठीवर दोन्ही हात टाकलेले, डोक्यावरून घोंगडीची खोळ... आणि खोळीच्या आत हसू दाबणारे दोन डोळे. तिचे कान तापले. पण ती मागे सरली नाही. मागे सरायची सवय तिने पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जातानाच मोडली होती.

"नसाल," ती म्हणाली. "पण गावातली निम्मी खाचरं तुमची ना? तुम्ही महिपती?"

"व्हय."

"मग माझी पोरं तुमच्याच बांधावर बसलेली असतात."

"पाखरं काय तुमी हाकनार?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. पसरलेले हात. रुंद खांदे. वर, काठीच्या टोकापर्यंत आलेली आणि वळून परत गेलेली चिमणी.

"मी नाही," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही हाकणार. म्हणजे, तुमच्यासारखी दिसणारी बुजगावणी. पोरं ती शाळेत करतील."

"पाखरं फसली न्हाईत तर?"

"तर दिपोटीसाहेबांपुढे मी एकटी उभी राहीन. पोरं तुमची."

"आन फसली तर?"

"तर भात कापेपर्यंत पोरं माझी."

त्याने चिखलातली छत्री उचलली, घोंगडीच्या टोकाने पुसली आणि तिच्या हातात दिली. पैज ठरली.


तास दुसरा : गणित... पण त्यात शिवण घुसलं

कॉलेजात तिला शिकवलं होतं, की एक काम घ्यायचं आणि त्यातूनच सगळे विषय फुलवायचे. ऐकताना सोपं वाटलं होतं. इथे पहिल्याच दिवशी भिमाजी आबा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, पेंढा आन चिखुल आमच्या घरला काय कमी हाय? त्येच्यापायी शाळा कशाला?"

"आबा, तुमचा शिदू चिखलात तर राहणारच आहे. त्याला त्या चिखलाचा हिशेब आला, तर वाईट का?"

आबा परत फिरले. पण शिदूला बरोबर नेलं नाही.

बुजगावणं महिपतीच्याच मापाचं करायचं ठरलं, कारण पाखरं त्याला आधीपासूनच भीत होती. तो शाळेच्या अंगणात उभा राहिला आणि पोरं शिंप्यासारखी सुतळी घेऊन मापं काढायला त्याच्यावर चढली. कुणी वितीने दंड मोजला, कुणी हाताने उंची. डोंगराकडच्या वाडीवरून येणारी बाया सगळ्यात चुणचुणीत. तिच्याकडे छातीचं माप आलं.

"बाई, माजं हात पुरत न्हाईत," बाया ओरडली. "तुमी मोजा!"

महिपती आकाशाकडे बघू लागला. आकाशात काहीही नव्हतं.

"अंदाज हासुद्धा गणितच असतो," कस्तुरा फळ्याकडे तोंड करून म्हणाली. "अंदाजाने लिही."

"आन अंदाज चुकला तर?" हे महिपतीने विचारलं.

"तर पेंढा कमी पडेल."

"पडू दे की. पुन्यांदा मोजायला येईन."

तिच्या हातातला खडू मोडला.

मग मडक्यांवर चेहरे रंगले. तो चित्रकलेचा तास. शाळेच्या जमिनीवर राखेने गावाची खाचरं आखली. पाखरं नदीकडच्या बाभळींवरून येतात, वारा भंडाऱ्याच्या डोंगराकडून. तो भूगोल. आणि भाषेच्या तासाला बायाने पाटीवर लिहिलं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, बंडी द्यायला आलेल्या महिपतीसमोरही : "मी बुजगावणं आहे. माझ्या पोटात पेंढा आहे. मी दिवसभर उभा राहतो. माझं लगीन झालेलं नाही."

"बरूबर लिवलंय पोरीनं," महिपती म्हणाला.


मधली सुट्टी

— बाई! अवो बाई! जरा शेताकडं चला.

— काय झालं?

— तुमचा गडी लय गुनाचा हाय. पोपटाला डोक्यावर बसवून घेतलंय. पोपट एका पायात लोंबी धरून खातोय.

— हसू नका.

— हसत न्हाई. माजीच बंडी हाय त्येच्या अंगात. माज्याच डोक्यावर बसल्यागत वाटतंय.

— जरा तिकडे तोंड करा.

— रडताय व्हय?

— मुळीच नाही. पोरांना बोलावते. बांधाआड गुपचूप बसायचं. पोपट कशाला भितो आणि कशाला भीत नाही, ते बघायचं.

— ह्यो कंचा विषय?

— हरलेल्या माणसाने करायचा.

— मग मी बी बसतो.


तास... मोजायचे राहून गेले

पोरांनीच उत्तर शोधलं. पाखरं पहिले दोन दिवस घाबरली, मग सरावली. "त्ये रोज तितंच असतंय," शिदू म्हणाला. "आन रोज तीच बंडी!" बाया म्हणाली.

म्हणून रोज संध्याकाळी बुजगावणी जागा बदलू लागली. कुणाच्या आजीचं लुगडं, कुणाच्या बापाचं फाटकं धोतर, आज एकाच्या अंगावर, उद्या दुसऱ्याच्या. हातांना पोकळ बांबूच्या नळ्या बांधल्या. वारा आला की त्या खडखडत. पोपट बाभळींवर बसून नुसता कलकलाट करायचे. खाली मात्र उतरायचे नाहीत.

महिपती पैज हरला. तोंड मात्र जिंकल्यासारखं होतं.

बुजगावणी हलवायला तोही येऊ लागला. एकदा एका मडक्याला फेटा बांधायचा होता आणि कस्तुराला काही तो जमेना. महिपतीने फेटा घेतला, आधी स्वतःच्या डोक्याला बांधला, मग तसाच अलगद काढून तिच्या हातात ठेवला. फेटा ऊबदार होता. ती तो मडक्यावर ठेवायला जरा विसरलीच.

"पोरं तुमची झाली," तो म्हणाला. "आन... मी?"

"दिपोटीसाहेब येऊन जाऊ द्या," ती म्हणाली. "आधी शाळा."


तपासणी

दिपोटीसाहेब न कळवता आले. आणि नेमकी आदल्या रात्री रानडुकरं शिरून नदीकडच्या मोठ्या खाचरातली सगळी बुजगावणी आडवी झाली होती. आत साहेब खुर्चीवर, बाहेर भिमाजी आबा चार शेतकऱ्यांना घेऊन दारात : "बाई, पोरं सोडा. त्या खाचरात आमची बी वाटनी हाय. पोपट उतराय लागल्यात!"

पोरं उठली तर वर्ग रिकामा. अडवली तर भात जाणार. कस्तुरा उंबऱ्यावर उभी राहिली.

"आबा, थोडा वेळ द्या. फक्त थोडा."

"पोपट थांबत न्हाई, बाई."

तेवढ्यात आबांनी नदीकडे पाहिलं. डोळे बारीक केले. मग मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटत सगळ्यांना घेऊन परत फिरले. कस्तुराला काहीच कळेना. पण विचार करायला वेळ नव्हता.

"आत्ता कोणता तास चालू आहे?" साहेबांनी विचारलं.

"बुजगावण्याचा!" सगळा वर्ग ओरडला.

"हा विषय वेळापत्रकात नाही."

"नाही, साहेब," कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. "पण वेळापत्रकातले सगळे विषय यात आहेत. कोणालाही काहीही विचारा."

साहेबांनी विचारलं. शिदूने एका लुगड्यात किती बुजगावणी नेसवता येतात ते तोंडी सांगितलं. बायाने राखेच्या नकाशावर उभं राहून वारा कुठून येतो ते दाखवलं. मग तिने साहेबांना खिडकीपाशी नेलं.

"वा," साहेब म्हणाले. "ते नदीकडचं तर फारच हुबेहूब आहे. अगदी जिवंत."

नदीकडचं बुजगावणं मान खाजवत होतं.

"हलतं कसं हो ते?"

"वाऱ्यानं, साहेब," बाया ठासून म्हणाली.

झाडाचं पानही हलत नव्हतं. कस्तुराने खिडकीचा गज घट्ट धरला.

साहेबांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा बुजगावण्याकडे. मग चष्मा पुसत म्हणाले, "बाई, शाळा चालू राहील. ही पद्धत मी दुसऱ्या शाळांनाही सांगणार आहे. वारा मात्र... वराळ्यातच ठेवा."


शेवटचा तास

उन्हं कलली तरी नदीकडच्या खाचरात बुजगावणं उभंच होतं. खांद्यावर आडवी काठी, काठीवर दोन्ही हात, फेटा डोळ्यांवर ओढलेला. कस्तुरा बांधावर आली. पदर खोचला.

"ऐकतोस ना?" ती बुजगावण्याला म्हणाली. "शाळा राहिली."

फेटा जरासा हलला.

"आता मी काय सांगते ते नीट ऐक. मी शाळा सोडणार नाही. लग्न झालं तरी नाही, कोणी रागावलं तरी नाही. हे ज्याला चालेल..." इथे तिचा आवाज पहिल्यांदाच अडखळला, "...त्याने तळेगावला माझ्या मामांकडे माणूस धाडावा."

फेट्याखालून आवाज आला, "मानूस कशाला? बुजगावनं सोताच गेलं तर चालंल का?"

"चालेल. फेटा नीट बांधून."

"आन शाळा सोडू नका. आमाला बी अजून लय शिकायचंय."

"हात खाली घ्या आता."

"येत न्हाईत, बाई. सकाळधरनं आखडल्यात."

ती चिखलात उतरली. काठी काढून घेतली. त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून हळूच खाली आणला. मग डावा. डावा खाली आला, पण तिने तो सोडला नाही.

बाभळीवरचे पोपट भातावर उतरले. त्यांना हाकायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.