गप्प बसायला शिकलेला पट्टा

"पट्टा बिघडलेला नाही, मॅडम. तो शिकलाय," पट्टा बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता तन्वीर शेख म्हणाला.

"काय शिकलाय?"

"गप्प बसायला."

डॉ. वैजयंती उबाळे यांनी वैतागून मंचाकडे पाहिलं. दुधना प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेची वार्षिक सभा जालन्यात सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि अजून सत्कारच चालले होते. मागच्या प्रकाशभिंतीवर जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहातला 'पूर्वसूचक पट्टा' हिरव्या ठिपक्याने चमकत होता.

कळा सुरू झाल्या की हा पट्टा बाईच्या पोटाला बांधायचा. गर्भाशयाच्या स्नायूंतल्या सूक्ष्म विद्युतलहरी तो टिपायचा. बाळंतपणानंतर गर्भाशय नीट आकसणार नाही, जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होईल, असं दिसलं की तो आधीच इशारा द्यायचा. पट्टा जोडलेलं प्रत्येक इस्पितळातलं यंत्र तिथल्याच बायकांवरून शिकत जाई. वैजयंतींच्या यंत्राने मात्र कित्येक महिन्यांत चकार शब्द काढला नव्हता. आणि आज त्यांच्याकडे कालिंदी दाखल होती. मागच्या बाळंतपणात ती रक्तस्रावाने मरता मरता वाचली होती.

"इशारा मिळाला की तुम्ही काय करता?" तन्वीरने विचारलं.

"औषधाचं सलाइन आधीच सुरू करते. रक्त मागवून ठेवते."

"मग रक्तस्राव होतो?"

"नाही होत. म्हणून तर करते ना!"

"आणि शेवटी यंत्र विचारतं, रक्तस्राव झाला का? तुम्ही 'नाही' दाबता. त्याला वाटतं, आपण चुकलो. पुन्हा तशाच लहरी आल्या की ते गप्प राहतं. डॉक्टर जितका दक्ष, तितकं त्याचं यंत्र मुकं."

"अहो, मग आधीच उपचार केले हे सांगायला तिसरं बटण ठेवायचं!"

"होतं की. तुमच्याच संघटनेनं काढायला लावलं."

वैजयंतींनी कपाळाला हात लावला. रक्तस्राव झालाच नाही तर औषध कशाला दिलं, असं विमा तपासनीस दर वेळी विचारत. खुलासे लिहून कंटाळलेल्या सभासदांनी एकमताने ठराव करून ते बटणच काढून टाकलं होतं.

"आणि आता," अध्यक्ष डॉ. लोया माइकवर म्हणाले, "सर्वांत अचूक पट्ट्याचं पारितोषिक. डॉ. विश्वंभर बोराडे!"

सभागृहात हशा पिकला. मॅच बघताना त्रास होतो म्हणून बोराडेंनी यंत्राचा आवाज बंद करून ठेवला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. इशारा कुणी ऐकत नसे. रक्तस्राव होई, बाई धावपळीत सरकारी दवाखान्यात रवाना होई आणि यंत्र आपलं गणित आणखी पक्कं करी.

वैजयंती उठल्या. "अध्यक्ष महोदय, तिसरं बटण आजच्या आज परत आणा. आपली यंत्रं मुकी होताहेत."

"मॅडम, हा विषय पत्रिकेवर नाही. उपसमिती नेमू, अधिवेशनात बघू. जेवण थंड होतंय."

"तोवर बायका बाळंत व्हायच्या थांबणार आहेत का?"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळे ताटांकडे वळले.

वैजयंतींनी रांगेतच बोराडेंना गाठलं. "तुमचं यंत्र हवंय."

"ते भिंतीत बसवलंय. कसं देणार?"

"मग पेशंट तुमच्याकडे आणते."

"वा! मी निष्काळजी म्हणून सगळे मला हसता आणि पेशंट माझ्याकडे?"

"तुम्ही निष्काळजी आहात म्हणूनच!"

संध्याकाळी बोराडेंच्या प्रसूतिकक्षात कालिंदी कळा देत होती. "मॅडम, तुमचा चांगला दवाखाना सोडून इथं कशाला आणलंत?"

"इथलं यंत्र खरं बोलतं."

"आणि तुमचं?"

"त्याला वाटतं, माझ्या हाताखाली कुणाला काही होतच नाही."

वैजयंतींनी आवाजाचं बटण फिरवलं, तोच यंत्र किंचाळू लागलं. सलाइन सुरू झालं, रक्त आलं. मुलगी झाली, रडली. औषधाने कालिंदीचं गर्भाशय दगडासारखं आकसलं. रक्तस्राव झाला नाही.

पडद्यावर प्रश्न उमटला: रक्तस्राव झाला का? खाली दोनच बटणं. हो. नाही.

वैजयंतींचं बोट 'नाही'पाशी थांबलं. ते दाबलं, तर हे यंत्रही मुकं व्हायला लागणार. औषध दिलं नसतं, तर रक्तस्राव झाला असता का? ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. कालिंदी बाळाला जवळ घेऊन पडली होती.

त्यांनी 'हो' दाबलं.

पडद्यावर अक्षरं झळकली: इशारा अचूक.

दारातून बोराडेंनी डोकावून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षीचं पारितोषिकसुद्धा माझंच!"