कुमारी बकुळा

तार इंग्रजीत होती, म्हणून कोंडीराम ती घेऊन प्रभादेवीला समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत आले. चाळीत दोघातिघांनी ती वाचून दाखवली होती, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. मुलगी वर्षभर जिथं काम करत होती तिथली माणसं खरं काय ते सांगतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिथल्या हेरंबच्या टेबलावर कागद ठेवला, टोपी काढून हातात धरली.

"साहेब, तुमी जरा नीट वाचा. आमच्या चाळीतली पोरं कायबी वाचतात."

हेरंबनं वाचलं. तुमची मुलगी, कुमारी बकुळा, वादळात होडी उलटून बुडाली. देह मिळाला. पत्र मागाहून येत आहे.

त्यानं ते मराठीत सांगितलं. कोंडीरामांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा सांगितलं. आवाज हलू दिला नाही. कोंडीराम खुर्ची असूनही जमिनीवर बसले. हेरंबही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिला. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, मुलगा मनानं चांगला आहे.

तो बकुळाचा नवरा होता. त्या खोलीत हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

ती पहिल्यांदा भेटली ती याच इमारतीत, खालच्या खोलीत. प्रयोगशाळा किनाऱ्याला लागून होती आणि तिची एक खोली पायऱ्या उतरून समुद्राच्या पातळीखाली होती. तिथल्या भिंतीत जाड काच बसवलेली. भरतीला काचेपलीकडे समुद्र उभा राही. कॉलेजांतून शिकणारी मुलं काही महिन्यांसाठी तिथं काम करायला येत आणि झालं की निघून जात. हेरंब तिथं कायमचा नोकर, माशांच्या हाडांवर काम करणारा. एका दुपारी तो खाली उतरला, तर पदर खोचून एक मुलगी काचेला नाक लावून उभी होती.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"चहा," ती वळूनही न बघता म्हणाली. "दूध जरा जास्त झालंय."

मुंबईचा समुद्र खरंच तसा दिसतो. पण चार वर्षं त्या काचेसमोर काढून त्याला ते सुचलं नव्हतं. तो हसला. मग ती वळली... आणि तो हसायचा थांबला, पण नजर काही काढून घेता आली नाही.

तिचं काम साधं होतं. शाळेतल्या मुलांच्या पाट्या चौकटी काढून, दोरीला बांधून तिनं समुद्रात सोडल्या होत्या. पाण्यात तरंगणारे बारीक जीव त्यांच्यावर येऊन बसत आणि कवच करून तिथंच राहत. कोण कधी येतं, कोण टिकतं, हे तिला पाहायचं होतं.

एक दिवस पाट्या वर काढून तिनं एका परातीत ठेवल्या आणि ती जेवायला गेली. हेरंबला वाटलं, आपण मदत करावी. त्याच्या कामातले मासे औषधाच्या बरणीत असत आणि बरणीतून काढलेली प्रत्येक वस्तू आधी नळाखाली धुवायची, ही त्याच्या हाताची सवय. त्यानं सगळ्या पाट्या नळाच्या गोड्या पाण्यानं स्वच्छ धुऊन उन्हात मांडल्या. खाऱ्या पाण्यातले सगळे जीव मेले.

बकुळा आली, पाट्यांकडे बघत राहिली.

"तुम्ही एम.एस्सी. ना?"

"हो."

"आणि नळाखाली धुतलंत?"

"माझ्या कामातले मासे मेलेलेच असतात," तो कसाबसा म्हणाला.

"मी जिवंत आहे," ती म्हणाली. "तेवढं लक्षात ठेवा. मला मदत करू नका."

काम पहिल्यापासून सुरू करावं लागलं. तिची मुदत वाढवून घेण्यासाठी हेरंबनंच वरिष्ठांपुढे चूक कबूल केली आणि बोलणी खाल्ली. नव्या पाट्या त्यानं आणल्या. दोऱ्या मात्र ती स्वतः बांधी... तो फक्त टोक धरून उभा राही. भरतीची वाट बघत दोघं खालच्या खोलीत बसत. ती चिंचपोकळीच्या चाळीबद्दल सांगे. वडील कापडगिरणीत, आई लहानपणीच गेलेली, सांभाळलं ते जाईआत्यानं. दीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरातले देव काढून भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात ते पुढे असत आणि घरी येऊन तिच्याकडून पाय चेपून घेत.

संध्याकाळी हेरंब तिला परळपर्यंत पोचवायला जाऊ लागला. त्याचं घर गिरगावात, अगदी वेगळ्या वाटेला. ती म्हणे, "गिरगाव हल्ली परळवरून लागतं वाटतं." तो म्हणे, रस्ते खोदलेत. तिथं कधीच कुणी रस्ता खोदला नव्हता.

एकदा काचेसमोर बसल्यावर ती एकदम म्हणाली, "पाट्या तू मुद्दाम धुतल्यास. मी राहावं म्हणून."

"नाही गं. खरंच चूक झाली."

"नाही म्हणू नकोस ना..." ती हळू म्हणाली. "हो म्हण."

तो हो म्हणाला.

हेरंबची आई सून कुठल्या घरातली, हे आधी विचारणारी होती. तो घर सोडायला तयार होता. दोघांनी विवाह नोंदणीच्या कचेरीत लग्नाची नोटीस दिली. ती महिनाभर तिथल्या फळ्यावर लागलेली होती, आणि ते दोघं अनोळखी असल्यासारखे समोरून जाऊन कुणी वाचतंय का ते बघत. त्याच महिन्यात दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेनं बकुळाला सहा महिन्यांसाठी बोलावलं. तिथलं पाणी इतकं नितळ, की होडीतून समुद्राचा तळ दिसतो. पण पाहुण्या मुलींच्या खोल्या फक्त अविवाहित मुलींना मिळत.

हेरंब म्हणाला, लग्न पुढे ढकलू. ती ऐकेना. नोटीस दिली आहे तर सही करायची, आणि तिथं सहा महिने कुमारीच राहायचं.

"आणि तुझे बाबा?"

"बाबांना मी सांगणार. आल्यावर. माझ्याच तोंडून कळायला पाहिजे त्यांना. तू मध्ये बोलायचं नाहीस."

सह्या झाल्या. हेरंबच्या कॉलेजातला मित्र मनमोहन आपल्या ऑफिसातल्या दोघांना साक्षीला घेऊन आला होता. मग नवरा-बायकोनं इराण्याकडे बन-मस्का खाल्ला. ती चिंचपोकळीला गेली, तो गिरगावला. आठवड्याभरानं ती दक्षिणेला गेली. तिची पत्रं प्रयोगशाळेच्या पत्त्यावर येत. इथला समुद्र गाळून ठेवल्यासारखा आहे, असं तिनं लिहिलं होतं, आणि तू एकदा बघायला हवंस.

अंत्यसंस्कार तिकडेच झाले. चाळीत बुद्धवंदना ठेवली होती, तिला हेरंब प्रयोगशाळेतल्या चौघांबरोबर गेला. त्यांना पाहुणे म्हणून सतरंजीवर पुढे बसवलं. जाईआत्या रडत सगळ्यांना सांगत होत्या, पोरीला हळद लागायची राहिली. हेरंब मान खाली घालून ऐकत राहिला. त्या घरात नवरा म्हणून रडायची त्याला सोय नव्हती.

लोक उठल्यावर कोंडीरामांनी त्याला जिन्यापाशी थांबवलं.

"साहेब, तुमी तिच्यासंगं काम केलंत. तिच्या मनात कुणी व्हतं का?"

हेरंबच्या तोंडाशी आलं होतं. पण त्याला वाटलं, आता सांगितलं तर लेकीनं आपल्यापासून लपवलं एवढंच या माणसाच्या हातात उरेल. आणि ते का लपवलं, हे सांगायला ती नाही.

"मला नाही ठाऊक, बाबा," तो म्हणाला.

बाबा हा शब्द त्याच्या तोंडून गेला. कोंडीरामांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. चाळीतली सगळी पोरं त्यांना बाबाच म्हणत.

तेव्हापासून तो रविवारी चिंचपोकळीला जातो. कोंडीराम चहा टाकतात, मोर्चाच्या गोष्टी सांगतात. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी त्यांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि पोरगी असायला हवी होती म्हणाले. हेरंबच्या आईनं त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केली आहे. तिला तो नुसतं नको म्हणतो.

कोंडीरामांना त्यानं अजून सांगितलेलं नाही.