बाभळीचं झोपलेलं बी

"बी मेलेलं आहे! चांगुणाबाई, उद्यापासून येऊ नका!"

महेश्वर साहेबांचं फर्मान ऐकून धम्मप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुर्डुवाडीजवळच्या या रोपवाटिकेसाठी तिच्या आईने, चांगुणाबाईने, बाभळीच्या शेंगा सोलून एकेक बी निवडलं होतं. महिना झाला, हजार पिशव्यांत कोंब म्हणून नाही! उरलेलं पोतं उकिरड्यावर गेलं आणि आईचं काम सुटलं.

"आई वाईट बी देणारच नाही!" ती मैत्रिणीला, वैष्णवीला म्हणाली.

"त्याच बाभळीच्या शेंगा आमच्या शेळ्या खातात," शेजारचा गुरु म्हणाला, "गोठ्यामागं बघ, रोपंच रोपं!"

"काय? एकाच झाडाचं बी तिथं उगवतं आणि इथं नाही?"

तिघांनी गोठा गाठला. गुरुचे आजोबा, कोंडीबाआबा, खो-खो हसले. "अगं, शेळीच्या पोटातनं आलेलंच बी पेरत्यात! तुझ्या आईनं आधी तेच नेलं हुतं की. सायेबच म्हनले, घान नको, शेंगा सोला!"

रात्री पाण्याच्या दोन वाट्यांत गोठ्यातलं आणि उकिरड्यावरचं सोललेलं बी वेगवेगळं भिजत पडलं. सकाळी गोठ्यातलं टम्म फुगलेलं, सोललेलं मात्र खड्यासारखं टणक!

"पाणी आत शिरतच नाही! शेळीच्या पोटात साल झिजते, हिची तशीच राहिली! मेलं नाही, झोपलंय नुसतं!" धम्मप्रिया ओरडली.

"मग उठवू या की!"

उकिरड्यावरचं पोतं त्यांनी ओढून आणलं. खरबरीत दगडावर घासून बियांची कडक साल पातळ केली. बोटं सोलवटली.

"आपणच शेळ्या झालो की!" गुरु कुरकुरला.

"तू तर आधीपासूनच आहेस!" वैष्णवीने सुनावलं.

रात्रभर भिजवून फुगलेलं बी त्यांनी रोपवाटिकेच्या शेवटच्या रांगेतल्या चाळीस पिशव्यांत पेरलं. खुर्ची सोडून साहेब तिथवर कधी फिरकायचेच नाहीत!

नवव्या दिवशी सोलापूरहून साहेबांच्या वरिष्ठ, सुंदरम्मा मॅडम, तपासणीला आल्या.

"बीच खराब होतं, मॅडम," साहेबांनी सुरुवात केली.

"मॅडम, शेवटची रांग बघता?" धम्मप्रिया पुढे झाली.

चौतीस पिशव्यांत हिरवेगार कोंब!

"हे कुठलं बी?"

"उकिरड्यावरच्या पोत्यातलं! आईनंच निवडलेलं! आम्ही फक्त घासून, भिजवून पेरलं!"

मॅडम साहेबांकडे वळल्या. "बी घासून, भिजवून पेरा, असं पत्र पाठवलं होतं. वाचलंत?"

साहेब खिशात पत्र शोधू लागले.

"शाब्बास, पोरांनो! जे तुमच्या लक्षात आलं, ते मोठ्यांना सुचलं नाही. चांगुणाबाई उद्यापासून कामावर. आणि महेश्वरराव, उरलेलं पोतं तुम्ही घासायचं, स्वतः!"

गुरुने लगेच आपला दगड साहेबांपुढे धरला.

धम्मप्रिया घरी पळत सुटली. सगळं ऐकून आईने तिची सोलवटलेली बोटं हातात घेतली. तिचे डोळे भरून आले.

"म्हंजे माझं बी चांगलंच हुतं की गं!"