मालानच्या लग्नातला फेर

मालानच्या लग्नाला सगळा गाव लोटला होता. फारो बेटांवर असं लख्ख ऊन उन्हाळ्यातही क्वचितच पडतं. तिच्या आईच्या, एल्स्पाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वाळवलेल्या मटणाचा वास, बीअरचे मग, पोरींचं खिदळणं. एल्स्पा सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती. बाई रोखठोक. कुणी भुताखेतांचं काढलं की म्हणायची, "आधी चुलीवरचं करपतंय ते बघ."

पण सकाळी एल्स्पा लेकीच्या पोशाखाला चांदीची पिन लावत असताना मालान बोलून गेली होती, "होग्नीदादा असता तर नाचून जमीन फोडली असती, नाही गं?"

एल्स्पाच्या लेकाची, होग्नीची होडी दोन हिवाळ्यांपूर्वी समुद्रात गेली ती गेलीच. त्याचं काहीही सापडलं नव्हतं. चर्चमध्ये सगळे गात असताना एल्स्पा पुटपुटली, "एका नाचापुरता पाठव त्याला. बदल्यात हवं ते घे." कुणाला म्हणाली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

जेवणं उरकली. म्हाताऱ्या दान्यलनं खणखणीत आवाजात जुनं वीरगीत उचललं आणि फेर धरला गेला. वाद्यं नाहीतच, हातात हात, दोन पावलं डावीकडे, एक मागे, आणि पायांखाली दणाणणाऱ्या फळ्या. फेराचं टोक उघड्या दाराशी होतं, तिथं एल्स्पा. उजव्या हातात मालानचा हात, डावा मोकळा.

तो डावा हात दाराबाहेरून कुणीतरी धरला.

रुंद, खरबरीत तळवा. त्यावर मासे धरायच्या गळानं झालेली आडवी खूण.

एल्स्पानं डोळे गच्च मिटून घेतले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गात होती.

"एल्स्पा, आज तरणी झालीस की गं!" दान्यल ओरडला. हशा पिकला.

फेर दाराबाहेर पडला, गवतावरून उताराला लागला.

"सासूबाई, नेताय कुठं आम्हाला?" नवरदेव तुम्मासनं विचारलं.

"नेईल तिथं जा रे! आजपासून तेच करायचंय!" कुणीतरी त्याला चिडवलं.

दान्यलचं शेवटचं कडवं संपलं.

गाणं थांबलं नाही. खालून, लाटांकडून ते तसंच चालू होतं. कितीतरी आवाज होते.

एल्स्पाचे बूट भिजले. पाठोपाठ मालान खिदळली, "अगं आई, माझा घागरा!"

"होग्नी," डोळे न उघडता एल्स्पा हळूच म्हणाली, "पुरे, बाळा. सोड."

हात क्षणभर घट्ट झाला. मग सुटला.

तिनं मालानचाही हात सोडला आणि मागं सरून एका खडकावर मटकन बसली. लाटांमधलं गाणं थांबलं होतं. लोक एकमेकांच्या ओल्या पायांना हसले, दान्यलनं नवं गीत उचललं, आणि फेर पुन्हा घराकडे चढू लागला. एल्स्पाच्या काळजात आनंद मावत नव्हता. नाचला! बहिणीच्या लग्नात पोरगं नाचलं!

तिनं डोळे पुसून वर पाहिलं.

फेर चढणीवर जरा पुढे गेला होता. शेवटी मालान होती. तिचा डावा हात मागे ताणलेला होता, बोटं कशाभोवती तरी मिटलेली.

"आई," मागे वळून न बघता ती हसत म्हणाली, "किती गार पडलाय गं तुझा हात!"